रस्त्यावरील कुत्र्यास घरचें वळण

बेवारशी कुत्र्यास तुकडा टाकणें ही खरी दया नव्हे. कुत्रा ठेवावयाचा तर त्याची जबाबदारीही पत्करावी, अशा आशयाचे लेख महात्मा गांधींनीं १९२६ सालीं ‘यंग इंडिया’ पत्रांत लिहिले. पुढें ते ज्या वर्धा जिल्ह्यांत येऊन राहिले, तेथील विद्यार्थ्यांनीं तरी हा विचार ध्यानांत ठेवावा.

रस्त्यावरून आणलेला कुत्रा भाकरीजवळ कोणी जातांच गुरगुरतो, वहाणा कुरतडतो, घरांत घाण करितो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे. ज्या जिण्यांत गुरगुरल्यावांचून घास टिकत नाहीं, त्या जिण्याची ती संवय होय. काठीनें भीति मात्र वाढते, आणि भ्यालेला कुत्रा पुढें न गुरगुरतां एकदम चावतो.

म्हणून उपाय कारणावर करावा. तो खात असतां ताटली ओढूं नये; दुरूनच अधिक चांगला घास टाकावा, म्हणजे मनुष्य घेण्यास नव्हे, देण्यास येतो हें त्यास कळतें. वहाणा उचलून ठेवाव्या व चघळावयास दुसरी वस्तु द्यावी. झोपेंतून उठल्यावर व खाल्ल्यावर बाहेर न्यावें. योग्य जागीं विधि करितांच शाबासकी द्यावी. उशिरा दिलेल्या शाबासकीचें कारण त्यास उमगत नाहीं.

आरंभींच पशुवैद्याकडून रेबीजची लस टोंचवावी. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुऊन तत्काळ दवाखान्यांत जावें.

विद्यार्थिमित्रहो, वळण लागण्यास कित्येक आठवडे, क्वचित् महिनेही लागतात. तेवढा धीर नसेल तर कुत्रा आणूंच नये. दुसऱ्यांदा टाकून दिलेल्या जनावरास मनुष्याचा विश्वास वाटणें अधिकच कठीण होतें.