गिऱ्हाइकांची यादी आपल्या ताब्यात ठेवा

हमरापूर, जोहे, कळवे, दादर या पेण तालुक्यातल्या गावांत गणपतीचे कारखाने घराघरांत आहेत. तिथल्या आणि रोह्यातल्या छोट्या धंदेवाल्यांची बिलं, हिशेब, रेटकार्ड, लेबलं अशी कामं मी करतो. त्यामुळे प्रत्येकाचा कॉम्प्युटर आणि फोन कधी ना कधी माझ्यासमोर येतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप गिऱ्हाईक दारापर्यंत आणतात, पण धंदा चालतो तो नोंदीवर. नोंद आपल्या हातात नसेल, तर एका दुपारीत होत्याचं नव्हतं होतं.

हमरापुरातल्या एका कारखान्यात ऐन श्रावणात हे घडलं. त्या घराच्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या. मुंबईची मंडळं, डोंबिवली-ठाण्याची घरगुती गिऱ्हाइकं, कच्च्या मूर्ती उचलणारे व्यापारी, सगळे फोटो पाठवून "हीच, पण शेला पिवळा" असं लिहायचे आणि ॲडव्हान्स यूपीआयने टाकायचे. पूर्वी वही होती. फोनमध्ये सगळं आपोआप राहतं म्हणून ती मागे पडली. मग एक दिवस टेम्पोच्या ई-चलनाच्या नावाने एक एपीके फाइल आली. घरात टेम्पो होता, चलन असेल असं वाटून ती उघडली गेली. त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी घेतली आणि पुढचा ओटीपी परस्पर चोराकडे गेला. थोड्याच वेळात कारखान्याचं व्हॉट्सॲप कोणा भलत्याच्या फोनवर सुरू झालं.

हे कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे घाबरगुंडी होणार नाही. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर गेलं तरी तुमचे जुने चॅट चोराला दिसत नाहीत. पण ग्रुप दिसतात, ग्रुपमधले नंबर दिसतात आणि नवे येणारे मेसेज त्याच्याकडे जातात. तेवढं त्याला पुरतं. तुम्ही स्वतःच्या फोनवर पुन्हा नोंदणी करून एसएमएसचा कोड टाकला की तो बाहेर फेकला जातो. मात्र त्याने तोवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा स्वतःचा पिन लावला असेल, तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस थांबावं लागतं. गणपतीच्या तोंडावर सात दिवस म्हणजे काय, हे पेणकरांना सांगायला नको. हमरापुरात तेच झालं, आणि मधल्या वेळात व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर कारखान्याच्या नावाने मेसेज गेला की खातं बदललं आहे, बाकी रक्कम या नंबरवर टाका. दोघा-तिघांनी टाकलीसुद्धा.

दुसरा फटका त्याहून मोठा बसला. ते ॲप काढण्यासाठी दुरुस्तीवाल्याने फोन फॉरमॅट केला आणि चॅटचा बॅकअप चालूच नव्हता. कोणाची कोणती मूर्ती, किती उंची, कोणता रंग, किती पैसे आले, सगळं पुसलं गेलं. कारखान्यात रंगवून तयार असलेल्या मूर्ती होत्या आणि त्या कोणाच्या हे सांगता येत नव्हतं.

आम्ही ते बँकेच्या स्टेटमेंटवरून परत उभं केलं. यूपीआयच्या प्रत्येक जमेपुढे पाठवणाऱ्याचं नाव असतं. ती नावं एका शीटमध्ये उतरवली, ओळखीच्यांना फोन लावले, त्यांच्याकडूनच आपल्या चॅटचे फोटो मागवले. घरातल्या मुलीच्या फोनमध्ये रंगकामाचे काही फोटो होते, त्यांची मदत झाली. रोखीने ॲडव्हान्स दिलेल्यांचा मात्र काहीच माग नव्हता. ते स्वतः आले तेव्हाच कळलं. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून काम पुरं केलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हाच रस्ता धरा, आधी बँकेचं स्टेटमेंट, मग फोन. आणि ती येऊच नये म्हणून शीट आधीपासून ठेवा.

शीट म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीट्स, काहीही चालेल. एका मूर्तीला एक ओळ, एकाच गिऱ्हाइकाच्या चार मूर्ती असल्या तरी चार ओळी. रकाने इतके पुरतात: ऑर्डरचा क्रमांक, नाव, फोन, गाव, मूर्तीचा नंबर, उंची इंचांत, शेला-पितांबराचा रंग, ठरलेली रक्कम, ॲडव्हान्स, न्यायची तारीख, बाकी. वरची ओळ फ्रीझ करा, म्हणजे खाली कितीही गेलात तरी रकान्यांची नावं दिसत राहतात. फिल्टर लावा, म्हणजे "उद्या कोण नेणार" हे एका क्लिकमध्ये समोर येतं. दोन घरं जोडून एक करू नका. मर्ज केलेल्या शीटमध्ये फिल्टर आणि सॉर्ट दोन्ही बिघडतात. गावाचं नाव दर वेळी एकाच पद्धतीने लिहा. पेणला कोणी "पेण" लिहितं, कोणी "पेन", आणि मग शोधताना निम्म्या ऑर्डरी सापडत नाहीत.

मूर्तीचा नंबर हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "तो लालबागसारखा", "मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी नेला तो" अशा बोलण्यावर ऑर्डर घेतली की भांडण ठरलेलं. प्रत्येक साच्याला एक नंबर द्या, तो जाड पेनाने कार्डावर लिहा आणि फोटो काढताना कार्ड मूर्तीच्या पाटाशी ठेवा. शेजारी मोजपट्टी उभी करा, म्हणजे उंचीचा वाद मिटतो. फोटो दिवसाउजेडी, दारात किंवा खिडकीजवळ काढा. ट्यूबलाइटखाली पिवळा हिरवट दिसतो आणि घरी नेल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, रंग वेगळाच आहे. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये तोच नंबर, तीच उंची आणि किंमत घाला. किंमत उघड लिहावी असं माझं ठाम मत आहे. "किमतीसाठी इनबॉक्स करा" वाचून बरेच जण पुढे सरकतात.

मूर्ती शाडूची की पीओपीची हेही प्रत्येक फोटोखाली स्पष्ट असू द्या. २०२५ मध्ये पीओपीवरून जे झालं, त्यात हे फार जाणवलं. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बंदीची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं, जूनमध्ये मूर्ती घडवायला मुभा दिली पण परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर अर्धवट बातम्या नुसत्या फिरत होत्या आणि ऑर्डर दिलेली माणसं घाबरून कारखानदारांना फोन करत होती. अशा वेळी आदेशाची तारीख घालून चार वाक्यांची एक पोस्ट लिहावी आणि ती पेजवर वर पिन करून ठेवावी. तेच उत्तर क्विक रिप्लायमध्ये साठवलं की दर वेळी टाइप करावं लागत नाही.

नव्या साच्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. हंगामाच्या सुरुवातीलाच तो फेसबुकवर टाकू नका. फोटोवरून नक्कल करणारे खूप आहेत. आधी जुन्या गिऱ्हाइकांना वैयक्तिक पाठवा, बुकिंग झाल्यावर जगाला दाखवा. रील करायचीच तर डोळ्यांच्या आखणीची करा. ब्रशच्या एका रेषेने मूर्तीत जीव येतो, ते पाहायला माणसं थांबतात, आणि ते कसब कॉपी करता येत नाही. गाणी आणि इफेक्ट यांवर तरुण मुलं रात्री जागतात, त्यापेक्षा आखणीचा साधा व्हिडिओ जास्त काम करतो असा माझा अनुभव आहे.

रोह्याची गोष्ट वेगळी. तिथे एक ताई घरी पापड, मिरगुंडं, कुरडया करतात आणि हिवाळ्यात कडवे वाल विकतात. त्यांचं इन्स्टाग्राम पेज नात्यातल्या एका मुलाने उत्साहाने काढून दिलं, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नंबरवर. पेज छान चाललं. पुढे मुलगा नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला. आज त्या पेजवर ऑर्डर येतात आणि त्यांना उत्तर देणारं कोणी नाही. ताईंनी नवं पेज काढलं, पण जुन्याचे लोक काही सगळे इकडे आले नाहीत. मुलाचा हेतू चांगलाच होता. दोष व्यवस्थेचा. म्हणून पेज, गूगल मॅप्सवरची दुकानाची नोंद, व्हॉट्सॲप, सगळं धंद्याच्या एका ईमेलवर आणि धंद्याच्या एका नंबरवर उघडा. त्याचा पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत हवा. मदतनिसाला कामापुरता ॲक्सेस द्या, मालक करू नका. गूगलच्या नोंदीत "प्रायमरी ओनर" कोण आहे ते आजच तपासा. ती नोंद फुकट असते. "नोंद बंद होईल, पैसे भरा" असा फोन आला तर तो खोटा समजा.

सोशल मीडिया ही भाड्याची जागा आहे. मालकाने उद्या नियम बदलले तर आपल्याला विचारणार नाही. गिऱ्हाइकांची यादी मात्र आपली असते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि तो मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. त्यामुळे पापडाच्या पाकिटावर नंबराशेजारी "हा नंबर सेव्ह करा" एवढं छापा. रोह्याच्या ताईंना मी हेच लेबल करून दिलं. उन्हाळ्यात अंगणात वाळवण पडलं की त्याचा फोटो त्या लिस्टवर जातो, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत माल संपतो.

लेबलांवरून आठवलं. आपल्याकडे जुनी रेटकार्डं श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत. तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की अगम्य अक्षरं उमटतात, कारण ते युनिकोड नाही. जुनं एकदा कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि पुढे युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आलेलाच आहे, फक्त भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. युनिकोडमध्ये लिहिलेलं नाव कंट्रोल-एफने सापडतं, मोबाइलवर दिसतं आणि गूगललाही वाचता येतं. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. विंडोज-व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते, पत्ते लिहिताना फार उपयोग होतो. आणि जागेवरून उठताना विंडोज-एल. कारखान्यात माणसांची ये-जा असते.

आता पावसाचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि नेटवर्कही नव्हतं. ज्यांचा हिशेब फक्त क्लाउडवर होता त्यांना उधारी किती ते सांगता येईना. फक्त कॉम्प्युटरवर ज्यांचा होता, आणि कॉम्प्युटर भिजला, त्यांची अवस्था त्याहून वाईट. म्हणून तीन ठिकाणी ठेवा: कॉम्प्युटरमध्ये, क्लाउडवर आणि एका पेन ड्राइव्हवर, जो दुकानात न ठेवता घरी कपाटात राहील. हंगामात दर शनिवारी बाकीची यादी छापून फाइलला लावा. कागद विजेविना वाचता येतो. सीपीयू जमिनीवर ठेवू नका, विशेषतः रोह्यात कुंडलिकेच्या बाजूला राहणाऱ्यांनी. वीज कडाडायला लागली की यूपीएसवर भरवसा न ठेवता प्लग काढा, ब्रॉडबँडची वायरसुद्धा.

आता तारखांबद्दल. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये "दरवर्षी" असं रिमाइंडर लावलं तर ते चुकणारच. वर्षाच्या सुरुवातीला पंचांग समोर ठेवून तारखा हाताने घाला आणि तिथून मागे मोजून बुकिंग बंद करायचा दिवस ठरवा.

शेवटी फसवणुकीबद्दल. सैन्यातला अधिकारी आहे, युनिटसाठी मोठी ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, असा फोन आपल्याकडच्या बऱ्याच जणांना येतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजा पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. कोणी पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला तर बँकेचा मेसेज किंवा खात्यातली जमा पाहूनच माल द्या. एपीके फाइल कोणीही पाठवली तरी उघडू नका, अगदी नातेवाइकाकडून आली तरी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे. तिथे सहा आकडी पिन आजच लावा आणि चॅटचा बॅकअप चालू करा. हमरापूरच्या घरात या दोन गोष्टी असत्या तर ते सात दिवस वाचले असते.

आणि तरीही पैसे गेलेच, तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. आपल्या गावांत हीच लाज फार नुकसान करते. ताबडतोब १९३० वर फोन लावा, व्यवहाराचा क्रमांक सांगा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत ते गोठवता येतात.