खाऱ्या पाण्याची टाकी : पाणी नितळ ठेवणारी यंत्रे घेताना

दवाखाने, हॉटेले आणि मोठ्या शोरूममध्ये प्रवाळखडकाचा देखावा असलेली खाऱ्या पाण्याची काचटाकी बसविण्याची हौस वाढली आहे. टाकी बसते, रंगीत मासे येतात आणि महिन्याभरात गिऱ्हाइकाची तक्रार येते की पाणी गढूळ दिसते. दुकानदार मग दुकानातले सर्वांत महाग यंत्र पुढे करतो. वास्तविक गढूळपणाचे प्रकार अनेक आहेत व प्रत्येकावर इलाज वेगळा आहे. प्रकार ओळखल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ओळखण्याची रीत सोपी आहे. टाकीतले पाणी स्वच्छ काचेच्या ग्लासात घेऊन रात्रभर ठेवावे. गाळ तळाशी बसला तर ती कणांची घाण. तिला कापडाची गाळणी हवी. पाणी दुधाळच राहिले तर जंतूंची वाढ झाली आहे. हिरवट असेल तर तरंगते शेवाळ. टाकीमागे पांढरा कागद धरून लांबीच्या बाजूने पाहिल्यावर पिवळट झाक दिसली तर ती विरघळलेली घाण. ती कोणत्याही कापडात अडकत नाही. आणि ग्लासातले पाणी दोन-चार मिनिटांत साफ झाले तर ते नुसते हवेचे बुडबुडे. पंप कोठेतरी हवा ओढतो आहे. तेथे खर्च शून्य.

गाळणीच्या पिशव्यांबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण कापड हा आमचा रोजचा विषय आहे. बाजारात दोन जाती मिळतात : पॉलिप्रॉपिलीनचा नमदा म्हणजे फेल्ट, आणि नायलॉनची जाळी. पिशवीवर १०० किंवा २०० मायक्रॉन असे लिहिलेले असते. २०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. नमदा आपल्या जाडीत घाण धरतो, त्यामुळे पाणी अधिक नितळ करतो. पण लवकर तुंबतो आणि धुतल्यावर पूर्ववत होत नाही. जाळी नळाखाली धरली की मोकळी होते. नोकर आठवड्यातून एकदाच हात लावणार असेल तर २०० ची जाळी घ्यावी. तीन-चार दिवसांनी बदलणारा माणूस असेल तरच १०० चा नमदा परवडतो. अडकलेली घाण पिशवीतच कुजली तर तिचे नायट्रेट होऊन पाण्यातच उतरते. सुती कापडाची पिशवी शिवून घेण्याचा मोह टाळावा. सूत पाण्यात कुजते, आणि खळ व फिनिश पाण्यात सुटते ते वेगळेच. पिशवी साबणाने धुऊ नये.

दुसरे यंत्र प्रोटीन स्किमर. नळकांड्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वरच्या कपात जमा होते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तेथे हे यंत्र चालत नाही. खाऱ्या पाण्यात मात्र ते हवाही खेळवते. जंतू वाढून पाणी दुधाळ होते तेव्हा प्राणवायू कमी पडून मासे रातोरात मरू शकतात. त्या वेळी स्किमरच उपयोगी पडतो.

मापाचा हिशेब स्वतः करावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे ९ घनफूट, सुमारे २५५ लिटर. खडक-वाळूची जागा वजा करून आणि खालच्या टाकीतले पाणी मिळवून आकडा पुन्हा अडीचशेच्या आसपास येतो. खोक्यावरचा आकडा बहुधा कमी माशांसाठी असतो. मासे बऱ्यापैकी असतील तर ४०० लिटरचा स्किमर घ्यावा. नावासाठी मात्र जादा दाम देऊ नये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास स्किमर मोजून पाहिले. पाण्यातील सेंद्रिय कार्बनापैकी साधारण २० ते ३५ टक्केच बाहेर निघाला, आणि निरनिराळ्या मेकमध्ये फरक थोडाच आढळला. कपाची मान तेलकट झाली की फेस चढत नाही. ती दोन-तीन दिवसांनी पुसणारा माणूस हवा.

पिवळेपणावर इलाज स्वस्तच आहे : सक्रिय कोळसा. भुकटी निघेपर्यंत धुऊन वापरावा, तीन-चार आठवड्यांनी बदलावा. रंगखात्यातल्या सांडपाण्याचा रंग काढायलाही हाच माल लागतो, म्हणून त्याची ताकद आम्हाला ठाऊक आहे.

यूव्ही दिवा तरंगते शेवाळ व जंतू मारतो, पण गाळ किंवा पिवळेपणा काढत नाही. वर्षभरात त्याची शक्ती उतरते, जरी तो पेटलेला दिसतो. म्हणून पहिल्याच खरेदीत तो घेऊ नये.

कायद्याची बाब दुकानदाराने आधीच सांगावी. २००१ पासून दगडी प्रवाळ, काळे पोवळे, सागरपंखे इत्यादी जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचा व्यापार गुन्हा आहे, मेलेल्या तुकड्यांचासुद्धा. तेव्हा देखावा कृत्रिम खडकांचाच असावा.

शेवटी विजेचा हिशेब. २० वॅटचा पंप रात्रंदिवस चालला तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आसपास जातात. असे दोन-तीन पंप, दिवे आणि पाणी थंड ठेवणारा चिलर असेल तर तो, हे सारे जोडून आकडा गिऱ्हाइकाला बिल करण्याआधी कागदावर लिहून द्यावा; वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंपही त्याच कागदावर लिहावा.