अजादुग्धाचा गुण आणि परसातील शेळीची निगा

रक्तपित्त, अतिसार, क्षय, कास यांत आपण अजादुग्धाची योजना करतो. परंतु ते दूध देणारी शेळी काय खाते, कोठे बांधली जाते, हे रुग्णास आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नवी मुंबईतील पावणे गावाच्या संदर्भात केला आहे.

शास्त्रविचार

चरकसंहितेत अजादुग्ध कषाय-मधुर, शीत, लघु व ग्राही सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय ४५) त्याची कारणेही दिली आहेत : शेळीचे लहान शरीर, कटु-तिक्त पाल्याचे सेवन, बेताचे जलपान आणि व्यायाम. म्हणजेच दुधाच्या गुणाचे मूळ शेळीच्या आहार-विहारात आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली व पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदारीने पावणे गाव वेढले. चराऊ जागा आक्रसलेल्या अशा गावठाणात दाव्याला बांधून शिळ्या भात-पोळीवर पोसलेली शेळी ही सुश्रुतोक्त शेळी नव्हे.

निवारा व आहार

कोकणच्या पावसात ओल हा शेळीचा मुख्य शत्रू होय. जमिनीपासून उंच, फटी ठेवलेला लाकडी माच व वाहती हवा असावी. मोठ्या शेळीस १० ते १२ चौरस फूट जागा द्यावी. रोज काही तास मोकळे फिरवावे. शेवरी, हादगा, बोर, उंबर, वड यांचा पाला टांगून द्यावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक नसावी. एकाएकी भरपूर भात वा धान्य खाल्ल्यास पोटात आम्लता वाढून शेळी दगावू शकते. दुभाजकांवरील कण्हेर व रानातील घाणेरी विषारी आहेत. नाल्याचे पाणी व प्लॅस्टिकच्या पिशव्या यांपासून शेळीस दूर ठेवावे. ‘बेताचे जलपान’ याचा अर्थ पाणी तोडणे असा नव्हे. दुभत्या शेळीसमोर स्वच्छ पाणी सदैव असावे.

रोगप्रतिबंध

नवजात करडास पहिल्या तासाभरातच चीक पाजावा. पीपीआर, आंत्रविषार व लाळ-खुरकूत यांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्याव्यात. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी. पांडुरोग्याची पापणी आपण जशी पाहतो तशीच शेळीची पाहावी. खालच्या पापणीचा आतील भाग गुलाबी-लाल असावा. तो फिकट झाल्यास व जबड्याखाली सूज असल्यास रक्तशोषक जंतांची शंका घ्यावी. लेंडी तपासूनच जंतनाशक द्यावे. आजारी शेळीवर स्वतः औषधयोजना करण्याचा मोह आपण टाळावा. ते पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे.

वैद्य व औषधनिर्माते यांनी

धारोष्ण दुधाची प्रशंसा भावप्रकाशात गायीच्या दुधासंबंधी आहे. शेळीचे दूध मात्र तापवून थंड केलेले पथ्यकर सांगितले आहे. हा भेद आज अधिकच मोलाचा वाटतो, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस माणसास होतो. म्हणून ‘शेळीचे दूध घ्या’ एवढेच न लिहिता ‘उकळून, निववून घ्या’ असे लिहावे. गाभडलेल्या शेळीचा वार उघड्या हातांनी उचलू नये. दीर्घकाळ येणारा-जाणारा ज्वर, घाम, सांधेदुखी व कटिशूल असलेल्या रुग्णास ‘घरी शेळी आहे काय?’ असे अवश्य विचारावे व रक्ततपासणीस पाठवावे. अन्यथा केवळ आमवात समजून उपचारांत महिने जातात. औषधनिर्मात्यांनी दूध घेताना शेळीस प्रतिजैविक वा जंतनाशक दिले आहे काय, हे विचारावे. दिले असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध स्वीकारू नये.

सारांश, अजादुग्ध लिहून देणाऱ्याने शेळीची चौकशी करणे हे द्रव्यपरीक्षणाचेच अंग आहे, असे आम्ही मानतो.