छापखान्यात फाइल देण्याआधी



अमरावती-अकोल्याकडच्या डीटीपी दुकानांतून पानांची मांडणी करणारा पेजमेकर अजून पुरता गेलेला नाही. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती 2001 सालची. पुढे कंपनीनेच तो सोडून दिला. मजकूर बहुधा कृतिदेवसारख्या फॉन्टात असतो. अशा फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'मराठी' हा शब्द ई, जे, के, बी, एच असा उमटतो. जुनी स्मरणिका पुन्हा काढायची म्हटले की 'फाइल उघडूनच नाही राह्यली' हे उत्तर मग ठरलेले.

यावर उपाय मुक्त सॉफ्टवेअरचा. त्याचे पैसे पडत नाहीत, ही त्याची लहान बाजू. त्याच्या फाइलींची रचना जाहीर असते, त्यामुळे आज केलेले काम पुढे दुसऱ्या कुणालाही उघडता येते. शिकणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. त्यावर केलेल्या पत्रिका, फलक, पुस्तके विकायला परवाना आड येत नाही. विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत टाकून घेण्यात चोरी आहेच, शिवाय तिच्याबरोबर व्हायरस येण्याचीही भीती असते.

छायाचित्रांसाठी गिंप. 1995 साली बर्कलेच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले. तिसरी आवृत्ती 2025 मध्ये आली. गिंपमध्ये 'सेव्ह' केले की त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइलच होते, जेपीजी हवी तर 'एक्स्पोर्ट' करावे लागते. नवख्याला हा जाच वाटतो, पण त्याने सवय चांगली लागते. जेपीजी पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी थोडा तपशील गळतो. एक्ससीएफमध्ये चित्राचे सगळे थर (लेयर) शाबूत राहतात.

थरांचे मोल जुन्या कागदावर कळते. रिद्धपूरकडे महानुभावांच्या पोथ्या आहेत, घरोघरी जुनी पत्रे आणि सातबारे असतात. मोबाइलवर काढलेल्या अशा पानाची एक बाजू उजळ आणि दुसरी काळवंडलेली येते. मूळ थराची प्रत वर घ्यावी. ती गॉशियन ब्लरने इतकी पुसट करावी की अक्षरे दिसेनाशी व्हावीत आणि फक्त उजेड-सावली उरावी. मग त्या थराचा मोड 'डिव्हाइड' करावा. पानाची पार्श्वभूमी एकसारखी पांढरी होते, शाई तेवढी उरते. डाग हील टूलने काढावेत, मात्र डाग आणि अनुस्वार यांत फरक करण्याचे काम माणसाचेच. मूळ थराला हात लावू नये.

पाच बाय सात इंची पत्रिकेला 300 डीपीआयने 1500 बाय 2100 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. लहान फोटो ताणून मोठा केल्याने तपशील परत येत नाही.

मजकूर लिबरऑफिसमध्ये, युनिकोडातच टंकावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'वऱ्हाड' लिहिताना 'व'नंतर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. साधा र घेतला तर 'वर्हाड' होते, आणि निमंत्रणपत्रिकेवर ते फार बोचते. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये मराठीचा फॉन्ट आणि आकार 'सीटीएल' या वेगळ्या रकान्यात असतो. नुसता वरचा, इंग्रजीचा फॉन्ट बदलून 'काही होतच नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. भाषाही तिथेच मराठी निवडावी, म्हणजे ज्या फॉन्टात सोय आहे त्यात मराठी वळणाचे ल आणि श येतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा नोटो हे फॉन्ट मोफत आहेत. शीर्षके हाताने ठळक न करता स्टाइलने द्यावीत. म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

बोधचिन्हे इंकस्केपमध्ये काढावीत, कारण रेषांचे चित्र फ्लेक्सवर कितीही वाढवले तरी फाटत नाही. पानांची मांडणी स्क्रायबसमध्ये करावी, पण 1.4 मालिका घेऊ नये. तिच्यात जोडाक्षरे फुटतात. 2024 ची 1.6 घ्यावी.

छपाईचे चार रंग हा गिंपचा कच्चा दुवा आहे. त्यात काम आरजीबीतच होते. रंगांचे रूपांतर स्क्रायबसकडे सोपवावे, तो छपाईची पीडीएफ नीट काढतो. पडद्यावरचा भगवा कागदावर मळकट येऊ शकतो, म्हणून रंगीत प्रूफ पाहिल्याशिवाय हजार प्रतींना होकार देऊ नये. छापखाना कोरलची फाइल मागेल. फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ चालते का, हे आधीच विचारावे. चालत नसेल तर मजकुराच्या बाह्यरेषा करून द्याव्यात, पण त्या नकलेवर. बाह्यरेषा झालेल्या मजकुरात शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही, आणि वधूपित्याच्या नावातली चूक बहुधा त्यानंतरच सापडते.

मामा
अकोला