धरणी शांत झाली, पण भीती?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन वारंवार हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांना याची झळ विशेष बसली. १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी एकामागून एक धक्के बसले. त्यांतील एक ४.१ तीव्रतेचा होता. घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. ऐन थंडीत लोक उघड्यावर, तंबूंत झोपू लागले. शाळांचे वर्गही इमारतीबाहेर भरू लागले.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला एक मोठा भूकंप झाला व नंतर लहान धक्के बसत राहिले. डहाणूचे तसे नव्हते. येथे लहान-मध्यम धक्क्यांची रांगच लागली. हिला भूकंपमालिका म्हणतात. धक्के उथळ असले म्हणजे त्यांच्याबरोबर सुरुंग उडाल्यासारखा आवाजही होतो. हलक्या कुडाच्या घराला विटांच्या जड घरापेक्षा धोका कमी, हे खरे. पण रात्री दचकून उठलेल्या मुलाला हे कोणी समजावून भागत नाही. ते का, हे आता पाहू.

मोठा आवाज कानी पडताच मेंदूच्या आतील बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग, ॲमिग्डाला, धोक्याचा इशारा देतो. आवाज कशाचा हे आपल्याला नीट कळण्यापूर्वीच हे घडते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन रक्तात सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायूंना जादा रक्त मिळते, पोटातील पचन मंदावते. पळायला किंवा झुंजायला शरीर सज्ज होते. धोका टळला की काही वेळात सारे पूर्ववत होते. या योजनेनेच प्राणिमात्र तगले आहेत, तेव्हा भीतीला दुबळेपणा समजणे हे अज्ञान होय.

अडचण पुढे येते. धोक्याच्या वेळी जे दिसले, ऐकू आले, त्याची सांगड मेंदू धोक्याशीच घालून ठेवतो. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन काही जण मृत्युमुखी पडले. आवाज कित्येक किलोमीटर दूरवर ऐकू गेला. अशा प्रसंगातून गेलेले मूल पुढे दिवाळीतला फटाका किंवा दार आपटल्याचा आवाज ऐकूनही थरथरू शकते. ते सोंग करीत नसते. त्याच्या मेंदूने धडा फार पक्का शिकलेला असतो.

याचा एक विलक्षण पुरावा रशियातून मिळाला. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला व इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या कोठ्यांत पाणी शिरले. कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काहींच्या, परिश्रमाने शिकवलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा झाल्याचे आढळले. अशा एका कुत्र्याच्या बाबतीत त्याचा ओळखीचा प्रयोगकर्ता खोलीत जवळ बसला की त्या क्रिया परत दिसू लागत. तो निघून गेला की पुन्हा बिघाड! पुढे कुत्रा सुधारल्यावर दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली, तेव्हा तेवढ्यानेही जुना गोंधळ उसळून आला.

कुत्र्यावरून माणसाविषयी सरसकट अनुमान काढू नये. पण दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी त्यांच्या बालगृहांतील मुलांचे निरीक्षण केले, त्याचा रोखही हाच होता. आईजवळ राहून बाँबहल्ले अनुभवणाऱ्या कित्येक मुलांपेक्षा सुरक्षित ठिकाणी, पण आईपासून दूर धाडलेली मुले अधिक खचलेली दिसली. मोठे माणूस स्वतः शांत असेल, तर त्याच्या जवळ असण्याने मुलाच्या शरीरातील धोक्याचा इशारा उतरू लागतो.

म्हणूनच मानसिक आघात झालेल्या मुलांच्या उपचाराची सुरुवात औषधाने क्वचितच होते. आधी सुरक्षित जागा, अन्न, झोप आणि ओळखीचे माणूस. मग ठरलेल्या वेळी शाळा, ठरलेल्या वेळी खेळ. उद्या काय होणार हे ठाऊक असले की मेंदूला सतत पहारा द्यावा लागत नाही. तंबूतला वर्गही या दृष्टीने उपचारच असतो. लहान मुले मातीत, चित्रांत तोच प्रसंग पुन्हापुन्हा मांडतात. त्यांना थांबवू नये. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. मात्र महिन्याहून अधिक काळ भयानक स्वप्ने, अंथरूण ओले होणे, अबोलपणा, चिडचिड किंवा अभ्यासात एकाएकी घसरण दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. तो मुलाला झेपेल तेवढेच, हळूहळू, त्या आठवणीजवळ नेतो.

आपण वर्गमित्र काय करतो? “सांग ना, काय झालं?” म्हणून भोवती कोंडाळे करतो. हे टाळावे. घडलेली हकिगत लगेच वदवून घेतल्याने आघात हलका होतो, हा समज तपासणीत टिकला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तसे करू नये असेच सांगते. मूल आपणहून बोलले तर ऐकावे, एवढेच.

आघात निसर्गाने केलेला नसून एखाद्या माणसाने केला असेल, तर मुलाला संरक्षणही लागते. तेथे कायदा याच वाटेने गेला आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसाने मुलाचा जबाब गणवेश न घालता घ्यायचा असतो, न्यायालयात मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ बसू शकते आणि साक्षीसाठी मुलाला वारंवार बोलावता येत नाही. निराधार किंवा छळ सोसणाऱ्या मुलांच्या निवाऱ्याचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती करते. १०९८ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य दूरध्वनी करता येतो. तो मुलाने स्वतः केला तरी चालतो, किंवा त्याच्या वतीने तुम्ही.