पाळणा लांबवायचा, पण कोणाच्या मर्जीने?



वर्षावासात तुर्भ्याच्या एका वस्तीत विहारात महिलांची बैठक होती. वंदना झाली, ग्रंथवाचन झाले. निघताना एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, पुन्हा दिवस गेलेत. मोठं पोर तीन वर्षांचं, धाकटं अजून अंगावर पितं. अंगावर पाजताना राहत नाही, असं सासूबाई म्हणायच्या." तिची नखे पांढरीफटक पडली होती. अंगात रक्त कमी, आणि तिसरे बाळंतपण समोर.

सासूबाई अर्धेच खरे सांगत होत्या. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, दिवसरात्र फक्त आईच्याच दुधावर असेल आणि पाळी परत सुरू झालेली नसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच तो आधार धरता येतो. एक जरी सुटली तरी दुसरे साधन हवे.

काही जणी म्हणतात, हा विषय विहारात नको. त्यांना मी आपला इतिहास सांगते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते आपले बाबासाहेब. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. त्यातला विचार असा, की लागोपाठच्या बाळंतपणांनी बाया खंगतात, मरतात. म्हणून मूल होऊ द्यायचे की नाही हे स्त्रीच्या इच्छेवर असले पाहिजे. सभागृहाने तो प्रस्ताव फेटाळला. भारत सरकारचा कुटुंब नियोजन कार्यक्रम आला तो १९५२ साली.

तेव्हा मागावे लागत होते, ते आज महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. कोणते साधन कोणाला, ते पाहू.

निरोध : पाळणा लांबवण्यासोबत एचआयव्ही आणि गुप्तरोगापासूनही वाचवणारे साधन हे एकच. दर वेळी नवा वापरायचा.

माला-एन : रोज एक गोळी, न चुकता. बीपी असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले अंगावर पीत असेल तर ही गोळी घेऊ नये.

छाया : हिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी थोडी लांबू शकते.

अंतरा : दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. पाळी अनियमित होते, कधी थांबते. हे 'आत रक्त साठणे' नव्हे. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, म्हणून लवकर मूल हवे असेल तर आधीच सांगा.

तांबी : पाच किंवा दहा वर्षांची. बाळंतपणानंतर ४८ तासांत दवाखान्यातच बसवता येते. ती पोटात वर चढत नाही. ताप, खूप दुखणे किंवा वास येणारे पाणी जात असेल तर लगेच दाखवा.

तातडीची गोळी : ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. ही दर महिन्याची सवय करू नका.

कुटुंब पुरे झाले असेल तर नसबंदी. इथे बांधवांनो, तुमच्याशी बोलायचे आहे. देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या सुमारे ३८ विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती. पुरुषांची नसबंदी शंभरात एकसुद्धा नव्हती. पुरुषांची शस्त्रक्रिया खरे तर सोपी असते. टाके नाहीत, काही मिनिटांचे काम. ताकद जात नाही, पुरुषत्व जात नाही. दोन दिवस विश्रांती घ्यायची आणि आठवडाभर ओझे उचलायचे नाही. तीन महिने निरोध वापरून मग तपासणी करून घ्यायची. बाळंतपण बाईने सोसायचे, गोळ्या बाईनेच घ्यायच्या आणि ऑपरेशनही तिनेच करायचे, ही समता नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहून चालणार नाही. नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर मी एका दवाखान्यात नोकरीला होते. तिथे बाळंतपणानंतर काही बायांना नीट न विचारता तांबी बसवलेली मी पाहिली. सही घेतली जायची, पण कागदावर काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखवत नसे. मी नवीन होते, गप्प बसले. त्याची खंत आजही आहे. म्हणून सांगते, 'नको' म्हणण्याचा हक्कही तुमचाच. कशावर सही करतो ते विचारा. साधन सोसत नसेल तर काढायला सांगा, बदलून मागा.

दिवस गेलेच आणि नको असतील, तर गावठी औषध, पपई, काडी यांच्या नादी लागू नका. त्यात जीव जातो. १९७१ च्या कायद्याने नोंदणी असलेल्या केंद्रात डॉक्टरकडून गर्भपात करता येतो. अठरा वर्षांवरील बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. जितके लवकर जाल तितके सुरक्षित.

त्या ताईने मूल ठेवायचे ठरवले. रक्ताच्या गोळ्या सुरू आहेत. पुढच्या बैठकीला नवरा सोबत आला, दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यांच्यात काय ठरेल ते त्यांचे त्यांनी ठरवावे. मात्र या वेळी दोघांनाही माहिती असेल.

तुमच्या वस्तीतल्या आशाताईला गाठा, आणि पुढच्या रविवारी विहारात हा लेख मोठ्याने वाचा. पुरुष मंडळी बसलेली असतानाच वाचा.

जय भीम.