न्यूमोनियावर मूलपेशींचा उपचार

न्यूमोनियावर 'स्टेम सेल'चा उपचार निघाला आहे, तर जमीन गहाण टाकून तो करावा काय, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही 'नाही' असेच सांगू. का, ते पाहू.

न्यूमोकोकससारखे जंतू फुप्फुसात शिरले की त्यांच्याशी लढण्यास रक्तातील पांढऱ्या पेशी धावतात. अँटिबायोटिकने जंतू मरतात, पण कधी कधी ही फौज आवरत नाही. दाह वाढतो, हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती पाझरतात व आत पाणी साचते. जंतू मेले तरी रोगी गुदमरतो तो यामुळे.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. या कामी वापरतात त्या प्रौढाच्या अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा बाळंतपणानंतरच्या नाळेतून घेतात. गर्भ नष्ट करावा लागत नाही. रोमच्या २००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या निवेदनात अशा पेशींना हरकत घेतलेली नाही. त्यांचे नवे फुप्फुस बनते हा समज मात्र चुकीचा. त्या दाह उतरवणारी द्रव्ये सोडतात, व जंतू मारणारे एक प्रथिनही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी, रोपणास न वापरलेल्या मानवी फुप्फुसांत जंतू सोडून हे पाहिले. पेशी दिल्यावर जंतू घटले, पाणीही ओसरू लागले.

रोग्यांवर मात्र तसे घडले नाही. अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. फुप्फुसे निकामी होऊ लागलेले ६० रोगी होते, त्यांत न्यूमोनियाचे पुष्कळ. ४० जणांस मूलपेशी दिल्या. अपाय झाला नाही, पण मृत्यूही कमी झाले नाहीत. एक कारण शेतकऱ्यास चटकन पटेल. गाईंच्या रेतमात्रा ठेवतात तशा या पेशी अतिथंड गोठवून ठेवतात. वितळवल्यावर जिवंत पेशी कुठे शेकडा ३६, तर कुठे ८५ निघाल्या. उगवणशक्ती अशी असलेले बियाणे आपण पेरू काय?

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, रक्ताच्या काही विकारांसारखे मोजके अपवाद सोडता, हा उपचार मंजूर चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात. लाखांचा आकडा सांगणाऱ्यास एवढे विचारावे.

दाह उतरवणारे स्वस्त औषधही आहे. फ्रान्समध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अतिदक्षता विभागातील न्यूमोनियाच्या रोग्यांना हायड्रोकॉर्टिझोन दिले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू शेकडा सुमारे १२ वरून ६ वर आले. म्हणून दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणू नयेत. ते काम इस्पितळातील डॉक्टरांचे.

घरी पाहावयाचे ते श्वास मोजणे. एक ते पाच वर्षांचे मूल स्वस्थ असता मिनिटात ४० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षाचे ५० किंवा अधिक श्वास घेत असेल, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर काढा उकळत न बसता त्याच घटकेस दवाखाना गाठावा. न्यूमोकोकसची लस सरकारी केंद्रात दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना व नवव्या महिन्यात मोफत मिळते.